एकोणिसावा ग्यानीराम

ओमेश्वरी राहांगडालेच्या तोंडाला धाक नव्हता, हे चिचबोडीच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. सरपंचाला ती भर ग्रामसभेत 'पोळ्याचा बैल' म्हणाली होती, नुसता सजवून उभा करायचा, कामाले काही नाही. कंडक्टर, शिक्षक, रेशनवाला, कोणी सुटला नव्हता. पण एक नाव तिनं लग्न होऊन आल्यापासून तोंडातून काढलं नव्हतं. सासऱ्याचं.

आमच्या झाडीपट्टीत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर बुढ्याचं आयुष्य घटते, असं म्हणतात. ओमेश्वरी हे काही मानत नव्हती. बुढा चार वर्षं कमी जगला असता तर तिनं कपाळ बडवून घेतलं नसतं. पण माहेराहून लागलेली सवय ती सवय. जीभ त्या नावापाशी आली की आपोआप अडायची, शेताच्या ओळखीच्या धुऱ्यापाशी बैलजोडी अडते तशी.

बुढ्याचं नाव ग्यानीराम. गट नंबर एकशेबाराच्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, त्याच्या; धान चांगलं पिकायचं आणि माज त्याहून चांगला. तो सुनेशी सरळ बोलत नसे. बोलायचा बायकोला, देवकाबाईला, आणि आवाज एवढा ठेवायचा की चुलीपाशी बसलेल्या सुनेला नीट ऐकू जावा.

"सांग तिले. रोवना आमी करून रायलो चिखलात, आनि हे कचेरीत पंख्याची हवा खाऊन रायली."

ओमेश्वरीही देवकाबाईलाच सांगायची. "सांगा त्यायले. पंखा बंद आहे दोन सालापासून."

कचेरीत ती लागली २००१ साली. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून सुटून दोन वर्षं झाली होती, नवीन जिल्ह्याला नवीन संगणक आले होते आणि ते चालवणारं कोणी नव्हतं. ओमेश्वरी बारावी पास, गोंदियाला जाऊन टायपिंग आणि संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग केलेली. तालुक्याच्या कचेरीनं तिला कंत्राटावर घेतलं. अकरा महिन्यांचा हुकूम, एक दिवस खंड, परत अकरा महिने. काम एकच: सगळ्या गावांचे सातबारा हातच्या वहीतून संगणकात घालायचे.

सोपं काम होतं. चार माणसं बसवली असती आणि कोणी मध्ये बोललं नसतं, तर तीन वर्षांत झालं असतं. पण सरकारात कामापेक्षा कामाची यादी मोठी.

पहिल्या साहेबानं गावांचे अ, ब, क असे तीन गट पाडले. कागदावर निकष मोठे होते, लोकसंख्या, खातेदार, अंतर, विजेचा पुरवठा. खरा निकष एकच, साहेबाची जीप पावसाळ्यात कुठवर जाते. चिचबोडी जंगलाकडची, पडली क मध्ये. दुसरा साहेब आला, त्यानं यादी उलटी केली. मागास गावं आधी. अ ची गावं अर्धी टंकलेली तशीच राहिली. तिसऱ्यानं नवीन प्रणाली आणली, तिच्यात जुनं काहीच उतरेना, म्हणून सगळं परत पहिल्यापासून. चवथ्यानं सातबारा, रेशनकार्ड आणि दाखले अशी तीन कामं जोडून एक कक्ष केला. पाचव्यानं तो कक्ष तोडून परत तीन केले आणि तोडल्याबद्दल जिल्ह्याला सत्कार घेतला.

यात ओमेश्वरीनं चिचबोडीचा सातबारा तीनदा टंकला. सासऱ्याचं नावही तीनदा टंकलं. टंकायला बोटं लागतात, तोंड लागत नाही.

मग कैलाश बिसेन आला.

कैलाश तिरोड्याकडचा, आमच्याच पवार समाजातला, ओमेश्वरीहून बारा वर्षांनी लहान. नागपुरात शिकून आला होता आणि पद होतं प्रकल्प समन्वयक. बैठकीत तो ओमेश्वरीला 'मॅडम' म्हणायचा, आणि चारचौघांत जागा दाखवायची असली की 'काकू'. ती त्याला साहेब म्हणत नसे. 'कैलाशभाऊ' म्हणायची, शिपायादेखत.

त्यानं आल्याआल्या भिंतीवर एक पांढरा फलक लावला. त्यावर कचेरीची संगणकाची अकरा कामं उभी लिहिली आणि प्रत्येकापुढे रंगीत चिकटी लावली. लाल म्हणजे आत्ता करा. पिवळी म्हणजे सवडीनं करा. पांढरी म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही, पण महिनाभरात सगळ्यांना कळलं. पांढरी चिकटी लागलेल्या कामाला माणूस मिळत नसे, कागद मिळत नसे, आणि त्याबद्दल विचारलं तर साहेब फोनवर असायचा. दर सोमवारी चिकट्या हलायच्या. कचारगडच्या यात्रेत गाड्या कुठं उभ्या करायच्या त्याचा नकाशा एकदा आठ दिवस पहिल्या क्रमांकावर होता.

सातबारा लाल होता. कैलाशनं ठरवलं की टंकण्याचं काम तालुक्यात नको, इथं वीज जाते. गोंदियाला एक हॉल भाड्यानं घेतला, एजन्सीच्या दहा पोरी बसवल्या. पण जुन्या वह्या अभिलेख खोलीच्या बाहेर न्यायच्या नाहीत, असा नियम. वह्या इथं, पोरी तिथं.

"स्कॅनर आना ना मंग," ओमेश्वरी म्हणाली. "पानं काढू अन् धाडू."

"स्कॅनर सहाव्या क्रमांकावर आहे, मॅडम. पिवळा."

"अन् तोवर?"

"फोन आहे ना. तुम्ही वाचा, त्या टंकतील. वाचन पहिल्या क्रमांकात बसते."

"बंडी आधी, बैल सहाव्या नंबरावर. वा रे कैलाशभाऊ."

"काकू," कैलाश म्हणाला, "तुम्हाला काम नको असेल तर तसं लिहून द्या. कंत्राटाची फाईल माझ्याकडेच असते."

म्हणून ओमेश्वरी अभिलेख खोलीत, वाळवीच्या वासात, कानाला फोन लावून बसू लागली. पलीकडे रुची नावाची पोरगी, गोंदिया शहरातली, हिंदी बोलणारी, हाताची जलद. ओमेश्वरी वाचायची, "गट अठ्ठावन्न, उदाराम वल्द सुकराम," म्हणजे सुकरामचा मुलगा उदाराम, आणि पलीकडून बटणांचा आवाज यायचा. दिवसाला शंभर खाती. काम धावायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ग्यानीराम आला. सासरा नव्हे, दुसऱ्या गावचा कोणी ग्यानीराम. पण नाव तेच.

जीभ अडली.

"हॅलो? मॅडम? नाम बोलिए ना."

"जागा खाली सोड."

"क्यूं? पढ़ने में नहीं आ रहा?"

"येते. सोड म्हटलं ना. मागून देतो."

समोर कोणी बसलं असतं तर तिनं नावावर बोट ठेवलं असतं, काम झालं असतं. फोनला बोट दाखवता येत नाही. रुचीला खरं कारण सांगावं तर ती शहरातली पोरगी, दहाजणींत हसवून सोडेल. ओमेश्वरीला शिव्या खायचं भय नव्हतं, हसू करून घ्यायचं मोठं होतं. असे सगळे मिळून तिच्या वाट्याच्या गावांत एकोणीस ग्यानीराम निघाले. एकोणीस जागा तिनं खाली सोडायला लावल्या. मग एका चिठ्ठीवर गाव, गट नंबर आणि नाव अशी एकोणीस ओळींची यादी स्वच्छ अक्षरात लिहिली आणि कैलाशच्या हातात दिली.

"हे रुचीले पाठवा. एवढी नावं भरायची रायली."

कैलाशनं चिठ्ठी पाहिली. एकच नाव एकोणीसदा पाहून त्याच्या ओठाची एक बाजू वर गेली. त्याची आईही सासऱ्याला 'मामाजी'च म्हणत असणार. त्याला सगळं कळलं.

"पाठवतो," तो म्हणाला.

नाही पाठवली. त्या सोमवारी रेशनकार्डाला लाल चिकटी लागली आणि गोंदियाच्या दहाही पोरी त्या कामाला गेल्या. मार्चअखेर जवळ आली. जिल्ह्याला 'त्रुटी शून्य' असा अहवाल द्यायचा होता आणि तालुक्यात चुकीच्या, रिकाम्या अशा सहाशे ओळी होत्या. कैलाशनं त्या दुरुस्त केल्या नाहीत. त्यानं 'त्रुटी दुरुस्ती' नावाचा वेगळा प्रकल्प उघडला, सहाशे ओळी त्यात टाकल्या, आणि त्याला नववा क्रमांक दिला. पांढरी चिकटी. सातबाऱ्याच्या कामात आता एकही त्रुटी उरली नव्हती. अहवाल गेला, शाबासकी आली.

पुढच्या साली कचेरीची नवीन फेररचना झाली. पाच ऑपरेटरांतून दोन ठेवायचे. कैलाशनं तक्ता केला, ज्याच्या वाचनात रिकाम्या ओळी जास्त, त्याचं नाव खाली. सगळ्यात खाली ओमेश्वरी. एकोणीस.

ती तक्त्याचा कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली.

"चिठ्ठी कुठं आहे?"

"कोणती चिठ्ठी, मॅडम?"

"डोरे फुटले का? एकोणीस नावांची. तुमच्या हातात देल्ली होती."

"ते नऊ नंबरात गेलं असेल. नऊ नंबर बंद झाला."

"बंद कोनं केला?"

"फेररचनेत झाला."

"फेररचना कोनं केली?"

कैलाशनं फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

तक्ता पक्का होण्याआधी एक वाट राहिली होती. सातबारा कुलूपबंद करण्याआधी शेवटचं चावडी वाचन व्हायचं होतं. प्रत्येक गावात सगळ्या खातेदारांसमोर ऑपरेटरनं छापील यादी मोठ्यानं वाचायची, गावानं हो म्हणायचं, जिथं चूक असेल तिथं ऑपरेटरनं बरोबर नाव गट नंबरासकट दोनदा उच्चारायचं, आणि हे सगळं मोबाईलवर चित्रित करायचं. आवाज ऑपरेटरचाच पाहिजे. त्या चित्रफितीवरून दुरुस्ती होणार. त्यानंतर कुलूप.

बाकीच्या गावांचे अठरा ग्यानीराम दुसऱ्या ऑपरेटरांनी वाचून भरले. त्यांना काय, त्यांचा तो सासरा थोडीच होता. राहिली चिचबोडी. चिचबोडीचं वाचन कैलाशनं ओमेश्वरीच्या नावानं लावलं.

"दुसऱ्याले द्या हे गाव," ती म्हणाली. तिच्या आयुष्यातली ती कचेरीतली पहिली विनंती होती, आणि तीही हुकमासारखीच निघाली.

"यादी ठरली, काकू." कैलाश फलकाकडे पाहत म्हणाला. "नाही जमत वाचायला, तर सांगा. एक ओळ रिकामी राहील. मग तक्ता आहेच."

घरी तिनं नवऱ्याला, खुमेंद्रला, सांगितलं. खुमेंद्र राईसमिलमध्ये हमालांवर देखरेखीला होता, घरात त्याच्यावर सगळ्यांची देखरेख होती. तो बापाला जाऊन सांगून आला की चावडीत तुमीच उठा अन् आपलं नाव सांगून द्या, काम होऊन जाईल.

बुढ्यानं देवकाबाईला हाक मारली. सून चुलीपाशीच होती.

"सांग तिले. माही बांधी खाली कोनं ठेवली? तिनं. कारी असो का पिवरी, तिनंच भरावी. मी नाई उठत."

"सांगा त्यायले," ओमेश्वरी म्हणाली, "बांधी त्यायची आहे. खाली रायली तं माह्या बापाचं काई जात नाई."

हे खोटं होतं. तिची नोकरी जात होती, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बुढ्याला तर फारच.

चावडी वाचन सकाळी नवाला होतं. धान कापून झालं होतं, लोक मोकळे होते, आणि गोष्ट आधीच गावात फिरली होती. एरवी ग्रामसभेला चाळीस माणसं जमवायला कोतवालाला घरोघर फिरावं लागे. त्या दिवशी पडवी भरून लोक अंगणात उभे होते. बाया चौकटीला टेकून, डोक्यावर पदर, तोंडात तंबाखूचा खर्रा. देवकाबाईही आली होती. ग्यानीराम पहिल्या रांगेत खाटेवर मांडी घालून बसला होता, जणू त्याच्याच घरचं लग्न. कैलाश स्वतः आला होता. चित्रीकरणाला शिपाई पुरला असता, पण मोबाईल त्यानंच धरला.

ओमेश्वरीनं वाचायला घेतलं. आवाज खणखणीत. एक ते पन्नास, गाव हो म्हणत गेलं. साठाला अनुसयाबाईच्या आडनावात चूक निघाली, तिनं दोनदा वाचून दुरुस्त केली. शंभर झाले. लोक कुजबुजायचे थांबले. एकशेदहा. एकशेअकरा.

"गट नंबर एकशेबारा," ओमेश्वरी म्हणाली. "नाव उपलब्ध नाही."

कोणीतरी मागून खोकलं. कैलाशनं मोबाईल जवळ आणला.

"कोणाचा आहे हा गट?" त्यानं विचारलं. चांगल्या पुस्तकी मराठीत.

गावात लेकरालाही ठाऊक होतं कोणाचा. जो तो कैलाशच्या मोबाईलकडे पाहत राहिला. आमची माणसं अशी, आगीत पाणी ओतायला धावतील, पण तमाशा चालू असला की हात बांधून उभी राहतील.

"बोला ना, खातेदार कोण?"

ग्यानीराम वर छताकडे पाहून म्हणाला, "ज्यानं वाचाले घेतलं त्यानं वाचावं. आमाले काय मालूम, आमी अडानी मानसं."

बाया पदराआड हसल्या. एक म्हातारा म्हणाला, "बुढा मुरला आहे बाप्पा."

ओमेश्वरीनं यादीवर पाहिलं. रिकामी जागा पाहिली. मग कैलाशच्या ओठाकडे पाहिलं. एक बाजू वर गेलेली होती, चिठ्ठी घेताना गेली होती तशी. तिच्या लक्षात आलं की हा माणूस गावाला आला तो वाचन ऐकायला नाही. ती गप्प कशी राहते, ते पाहायला आला. आणि समोरचा बुढाही त्यासाठीच बसला आहे. दोघांची ओळखसुद्धा नव्हती, पण दोघांनी मिळून तिच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली तिचीच वापरली होती.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तो तिनं कचेरीत कधी घेतला नव्हता, इथं सासरचं गाव म्हणून घेतला होता.

"गट नंबर एकशेबारा," ती म्हणाली. "ग्यानीराम."

खाट करकरली.

"वल्द सुकराम राहांगडाले, राहणार चिचबोडी."

सालेकशाकडून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज अंगणात ऐकू आला. देवकाबाईनं तोंडावर हात ठेवला. तिनं तर आपल्या नवऱ्याचं नाव उखाण्यातही घेतलं नव्हतं, तिथंही 'चिचबोडीचे पाटील' म्हणून भागवलं होतं.

"दुरुस्ती दोनदा," ओमेश्वरी म्हणाली. "गट नंबर एकशेबारा. ग्यानीराम वल्द सुकराम राहांगडाले."

नियम संपला होता. तिनं कैलाशच्या हातातल्या मोबाईलकडे सरळ पाहिलं.

"ग्यानीराम," ती म्हणाली. तिसऱ्यांदा कोणी मागितलं नव्हतं. "आलं का चित्रात, कैलाशभाऊ? का तुमचाही फोन नऊ नंबरात गेला?"

मग गाव हसलं. पहिल्यांदा बायांकडून हसू फुटलं, मग पुरुषांकडून. ग्यानीराम उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघाला. जाताजाता देवकाबाईला म्हणाला, "सांग तिले. तिच्या हातचा भात आता माह्या नरड्याखाली नाई उतरनार."

"सांगा त्यायले," ओमेश्वरी यादीतून मान वर न करता म्हणाली, "गट नंबर एकशेतेरा वाचून रायलो. मधात बोलू नोका."

ओळ भरली. तक्त्यात तिच्यापुढे शून्य आलं आणि ती दोघांतली एक म्हणून राहिली. बुढ्यानं खरंच तिच्या हातचं खाणं सोडलं. देवकाबाईला गुडघे दुखत असताना त्याच्यासाठी वेगळी चूल पेटवावी लागे, म्हणून ती दोघांनाही शिव्या द्यायची. एकदा भाजी चिरता चिरता ती हळूच सुनेला म्हणाली, "अवं, घेताना कसं वाटलं वं तुले?"

"कायले? घेऊन पाहा ना तुमी."

"मरू दे बाप्पा," देवकाबाई म्हणाली, पण तिचे ओठ जरा हलले होते.

वर्षभरात कचेरीची अजून एक फेररचना झाली. समन्वयक हे पदच यादीच्या तळाशी गेलं, कैलाश कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात गेला. त्याचा फलक ओमेश्वरीच्या खिडकीमागे उभा आहे, त्याच्या खिळ्याला पावसाळ्यात छत्र्या टांगतात. रंगीत चिकट्या अजून दिसतात. कोणी काढल्या नाहीत, ते काम यादीत नाही. आणि ओमेश्वरीला बसवलं संगणकावरचा सातबारा देण्याच्या खिडकीवर.

धान खरेदी केंद्रावर नवीन सातबारा पाहिजे असा फतवा निघाला तेव्हा त्या खिडकीपुढे रांग लागली. तिसऱ्या दिवशी त्या रांगेत ग्यानीराम उभा होता. खुमेंद्रला पाठवलं असतं, पण अर्जदारानं स्वतः यायचं होतं. दोन तासांनी त्याचा नंबर आला. खिडकीच्या पलीकडे सून. मध्ये देवकाबाई नाही.

"नाव?" ओमेश्वरीनं विचारलं. बोटं बटणांवर.

बुढ्यानं मागं पाहिलं, बाजूला पाहिलं. शेवटी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला.

"तुले मालूम आहे."

"अर्जदाराचं नाव सांगा, जी."

"चावडीत तं तीनदा घेतलं. गावादेखत."

"ते सरकारी वाचन होतं. झालं ते." ओमेश्वरीनं पदर सारखा केला. "सासऱ्याचं नाव मी घेत नाई. तुमीच सांगा."

रांगेतला मागचा माणूस वैतागला. "अरे दादाजी, बोलो ना जल्दी! लाईट चली जायेगी तो सब यहीं बैठेंगे."

बुढ्यानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"ग्यानीराम," तो म्हणाला.

"मोठ्यानं, जी. पंख्याच्या आवाजात ऐकू नाई येत."

पंखा बंद होता.

"ग्यानीराम!" बुढा ओरडला. "ग्यानीराम वल्द सुकराम! गट नंबर एकशेबारा!"

सगळी रांग त्याच्याकडे पाहू लागली. ओमेश्वरीनं टंकलं, यंत्रातून कागद निघाला, तिनं शिक्का मारला आणि खिडकीतून सरकवला. बुढा कागदावरचं नाव वाचत उभा राहिला. अक्षर अन् अक्षर बरोबर होतं.

"सरका, जी," ओमेश्वरी म्हणाली. "पुढचा."